हिसका मारतो, जिताडा सुटतो: स्पिनिंग रॉडला दोरी कुठली भरावी?

भाट्येकर (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या तीन रविवारांत भाट्याच्या खाडीत चार चावे मिळाले आणि चारही मासे सुटले. येताना बाजारातून बांगडे घेऊन घरी गेलो, हे आमच्या हिला कोणी सांगू नये ही विनंती.

सामान असं: आठ फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, ३००० नंबरचं रील, त्यावर ०.४० मिमीचा तंगूस (साधी नायलॉनची दोरी). दुकानदाराने 'दहा किलोची आहे, बिनधास्त' म्हणून दिला. ल्यूर (नकली मासा) १५ ग्रॅमचा, पोटाला आणि शेपटीला तिहेरी गऱ्या. उतरत्या पाण्यात तिवरांच्या कडेने पस्तीस-चाळीस मीटर फेक जाते. चावा कळतो, पण 'धाड' करून नाही, दोरी नुसती जड होते. मग मी जीव खाऊन हिसका मारतो. रॉड वाकते, मासा एकदा पाण्याबाहेर येतो, तोंड उघडून डोकं झाडतो आणि ल्यूर भिरभिरत माझ्याकडे परत. चौथ्या वेळी एवढ्या जोरात मारला की मी मागच्या मागे चिखलात बसलो. तरी तेच.

मला वाटतं गरी तोंडात रुततच नाहीये. मित्र म्हणतो ब्रेड (विणलेली दोरी) घे. १५० मीटरचा बरा स्पूल हजाराच्या पुढे जातो. दोरीने खरंच एवढा फरक पडतो, की माझाच हात वाईट?

दोन_घास_भात

ब्रेड लावून मासे धरतात हे ऐकून होतो. कणकेच्या गोळीने तर रोहूसुद्धा येतो.

(पळा.)

तिवरातला

@भाट्येकर, हात वाईट नाही, हात लांब पडतोय. तुमच्या आणि माशाच्या मध्ये चाळीस मीटर रबर आहे असं समजा.

एक प्रयोग करून बघा, पैसे लागत नाहीत. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा असतो ना, तो दोरीच्या टोकाला बांधा. समोर कोणालातरी काटा धरून उभं करा, तुम्ही तीस-चाळीस मीटर मागे जा आणि खाडीत मारता तसा हिसका मारा. आकडा बघून वाईट वाटेल. मी केला तेव्हा ओल्या तंगूसवर माझा 'जीव खाऊन' मारलेला हिसका अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरला होता. तिहेरी गरीची तीन टोकं, त्यातली दोन जिताड्याच्या हाडाळ तोंडावर टेकलेली. अर्ध्या किलोत काय रुतणार? नुसती टेकून राहते. मासा डोकं झाडेपर्यंत.

आणि एक सांगा, हिसक्याच्या वेळी रील 'कर्र' करतं का?

दांडीवरचो_आबा

दोरी कसली बघतस? आधी गरी बघ. गरी अंगठ्याच्या नखार टेकव आणि हलक्या हातान ओढ. नखात अडाकली तर गरी. सरकली तर ती गरी न्हय, खिळो. आमी हातान गरवताना तंगूसच वापरतो, आणि आजपर्यंत उपाशी कोण झोपलो नाय.

गणित_मास्तर

आबांचं गरीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण आबा, हातगरी होडीतून खाली सोडलेली असते, दोरी आठ-दहा मीटर आणि थेट बोटावर. हे गृहस्थ चाळीस मीटरवर आडवं खेळतायत. आकडे मांडतो, कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

नायलॉन तुटेपर्यंत ओढलं तर साधारण वीस ते तीस टक्के लांबतं. शिवाय ते पाणी पितं आणि ओलं झालं की अजून मऊ पडतं. हिसक्यात आपण तुटेपर्यंत ओढत नाही, म्हणून पाचच टक्के धरा. चाळीस मीटरचे पाच टक्के म्हणजे दोन मीटर.

आता रॉड. आठ फुटी रॉड घड्याळातल्या दहावरून बारावर नेली तर टोक सरळ रेषेत रॉडच्या लांबीएवढं सरकतं. साठ अंशांचा कोन आहे, समभुज त्रिकोण होतो, शाळेत शिकवलंय. म्हणजे अडीच मीटरच्या आत. त्यात रॉड स्वतः वाकते, तिचा हिस्सा वेगळा कापा. दोन मीटर दोरीने खाल्ले, उरलेलं रॉडने. माशापर्यंत पोचला तो फक्त निरोप.

पीईची विणलेली दोरी (ज्याला सगळे ब्रेड म्हणतात) तुटेपर्यंतसुद्धा तीन-चार टक्केच लांबते. हिसक्यात एक टक्का धरला तर चाळीस मीटरवर चाळीस सेंटीमीटर. हिशेब इतकाच.

पण ताण हा अर्धाच भाग. दुसरा भाग झोळ. ज्यांनी पतंग उडवलेत त्यांना सांगायला नको. मांज्याला झोळ असला की खालून कितीही खेचा, वर पतंगाला पत्ता नसतो, आधी झोळ सरळ होतो. उतरतं पाणी दोरीला आडवं लागतं आणि तसाच झोळ पाडतं. दोरी जितकी जाड तितकं पाणी तिला जास्त ढकलतं. ०.४० च्या जागी ०.२० ची दोरी आली की झोळ बराच कमी. म्हणून ब्रेडचा खरा फायदा मला विचाराल तर 'ताणत नाही' यापेक्षा 'बारीक असते' हा आहे. ताणाची जाहिरात सगळे करतात, झोळाची कोणी करत नाही.

दोन_घास_भात

मास्तर, समभुज त्रिकोण आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडला. दंडवत.

भाट्येकर

@तिवरातला, हो! कर्र करतं. मला वाटायचं मासा दोरी ओढतोय, म्हणून उलट बरं वाटायचं.

तिवरातला

तो मासा नव्हता, तुमचाच हिसका ड्रॅगमधून (रीलचा ब्रेक, ठरावीक ताणाला दोरी सोडतो) पळत होता. ड्रॅग किती आवळायचा ते मनाने ठरवू नका. तोच काटा रॉड वाकवून दोरीला लावा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ड्रॅग सुटायला हवा. २० पौंडी म्हणजे नऊ किलोची दोरी असेल तर सव्वादोन ते तीन किलो. हिसक्याच्या क्षणी स्पूलच्या कडेवर बोट दाबून धरता येतं, पण ब्रेडवर नको, कडेवर. दोरीवर बोट ठेवलंत तर कापेल.

माझी शिफारस: पीई १.५ (हा ब्रेडच्या जाडीचा नंबर), जाडी साधारण ०.२० मिमी. त्याहून जाड घेऊ नका. ३००० च्या रीलवर जाड ब्रेड घातली की फेक कमी पडते आणि वर मास्तरांचा झोळ परत येतो. चार पदरी चालेल. आठ पदरी गुळगुळीत असते, रॉडच्या कड्यांतून आवाज न करता जाते, फेक थोडी लांब जाते, पण तिचे पदर बारीक असल्यामुळे कालवांवर घासली की लवकर विसविसते. पाकिटावरच्या पौंडांवर विश्वास नको, जाडी बघा. मी ऑनलाइन स्वस्तातली एकदा घेतली होती. पाकिटावर ०.२० लिहिलं होतं, मोजली तर ०.३० च्या पुढे. रंग दोन रविवारांत बोटांना लागून संपला.

झुआरीकाठ

मी उलट बाजूने बोलतो. आमच्याकडे तो चोणक, तुमच्याकडे जिताडा, तोंड तेच.

मी ब्रेडवर गेलो आणि पहिल्या महिन्यात आधीपेक्षा जास्त मासे घालवले. कारण हात नायलॉनचाच राहिला होता. नायलॉनवर मारायचो तसाच दणका ब्रेडवर मारला, आणि दोन वेळा ल्यूरबरोबर ओठाची चिंधी आली. एकदा तिहेरी गरीचं एक बोट सरळ होऊन आलं. नायलॉन तुमच्या चुका पोटात घालतं. ब्रेड घालत नाही.

ब्रेडवर हिसका मारायचाच नसतो. रॉडचं टोक खाली, रीलचे दोन वेढे भरभर घ्या, दोरीत माशाचं वजन लागलं की मग रॉड बाजूला ओढा. ओढा, झटकू नका. आणि मासा हवेत आला की टोक पाण्याकडे न्या. त्या वेळी ढील पडली तर दोरी कुठलीही असो, गेला.

अजून एक. जिवंत कोळंबी लावून पुलाखाली बसणार असाल तर मी आजही नायलॉनच भरतो. कोळंबी ओढताना माशाला पलीकडे कोणी आहे असं जाणवता कामा नये, थोडी लवचिक दोरी तिथे बरी. गोल वळलेली सर्कल गरी असेल तर हिसका मारणं हाच गुन्हा. मासा वळतो, गरी स्वतःच जबड्याच्या कोपऱ्यात बसते. सगळ्यांनी ब्रेडच घ्या हे मला पटत नाही.

मरळवाला_मुळशी

+१ झुआरीकाठ, पण आमच्या मरळीला उलटं आहे. गवतात, कमळाच्या पानांवर रबरी बेडूक ओढायचा, तिथे नायलॉन घेऊन जाणं म्हणजे बेडूक दान करणं. मरळ बेडकाला खालून दणका देते आणि लगेच गवतात डोकं घालते. तिथे पीई ३ किंवा ४, लीडर (ब्रेड आणि गरीच्या मधला जाड दोरीचा तुकडा) आखूड किंवा नाहीच, आणि खरोखर मागे पडेपर्यंत मारायचं, कारण गरीला आधी बेडकाचं रबर दाबायचं आणि मग टाळू फोडायची असते. फक्त पाणी उडालं की लगेच नाही. मनात एक-दोन म्हणायचं. बेडूक दिसेनासा झाला, दोरी सरकली, मग. मी पाण्याच्या आवाजावर मारून निम्म्या मरळी घालवल्यात. चूक दोरीची नव्हती, कानाची होती.

भाट्येकर

मंडळी, घेतली. पीई १.५, चार पदरी, पिवळी. रविवारी नवी दोरी भरून गेलो. निकाल:

१) वीस फेकींत तीन गुंते. त्यातला एक कापून तीस मीटर दोरी फेकावी लागली.
२) एक चावा. टोक खाली, दोन वेढे, बाजूला ओढलं, सगळं सांगितल्याप्रमाणे. रील कर्र करत नव्हतं. तरी दोरी सरकत होती! ड्रॅग अजून आवळला, तरी सरकत होती. मासा गेला.

हजार रुपये खाडीत असं आता मीच म्हणतोय.

तिवरातला

ब्रेड थेट स्पूलला बांधलीत का?

भाट्येकर

हो. घट्ट गाठ मारून.

तिवरातला

हेच. ब्रेड गुळगुळीत असते, स्पूलचं धातूही गुळगुळीत. सगळी दोरी मिळून स्पूलवर बांगडीसारखी फिरते. ड्रॅग कितीही आवळा, आतली गुंडाळीच फिरतेय. आधी आठ-दहा मीटर जुना तंगूस स्पूलवर भरा, त्याला ब्रेड जोडा, मग वर भरा. अगदीच घाई असेल तर कापडी चिकटपट्टीचा एक वेढासुद्धा चालतो. भरताना दोरी ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताणून भरा. ढिली भरली की वरचे वेढे खालच्यांत घुसतात.

गुंत्याचं: ल्यूर पाण्यात पडला की बेल (स्पूलवरची तारेची कमान) रीलचं हँडल फिरवून बंद करता ना? ती हाताने बंद करा आणि दोरी एकदा हाताने ओढून ताठ करा, मग फिरवा. ढिला वेढा स्पूलवर गेला की पुढच्या फेकीत तोच गुंता होऊन बाहेर येतो. आणि स्पूल काठोकाठ भरू नका, दोन मिलिमीटर जागा सोडा.

कापलेली तीस मीटर 'फेकली' म्हणालात, ती खाडीत फेकली नसेल अशी आशा. ती कुजत नाही. बगळ्यांच्या पायात गुंडाळलेली मी पाहिली आहे.

भाट्येकर

नाही नाही, खिशात आणली. धुण्यात सापडली, त्यावर वेगळा धागा होईल.

डार्विनची_वारी

ऑस्ट्रेलियातून. आमच्या डार्विनला हाच मासा बारामुंडी नावाने देव मानतात, म्हणून राहवलं नाही.

मरळवाल्यांशिवाय कोणी लीडरबद्दल बोललंच नाही. ब्रेड थेट ल्यूरला बांधू नका. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडा ब्लेडसारखी असते, ओठाची आतली बाजू खरखरीत. आणि खाडीत कालवं लागलेल्या खुंटांना ब्रेड नुसती टेकली की संपली. पुढे एक-दीड मीटर लीडर हवाच. आम्ही इथे ४० ते ६० पौंडी लावतो. तुमच्या १५ ग्रॅमच्या ल्यूरला ४० पुरे, म्हणजे साधारण ०.६० मिमी.

फ्लोरोकार्बन की नायलॉन? फ्लोरोकार्बन प्रकाश कमी वाकवतं, अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणून ते पाण्यात कमी दिसतं. काचेसारखं पाणी असेल तर खर्च करा. पण खाडीच्या चहासारख्या पाण्यात माशाला स्वतःची शेपटी दिसत नाही, तिथे साध्या जाड नायलॉनचा लीडर लावा आणि उरलेल्या पैशांत चांगल्या गऱ्या घ्या. वर आबांनी सांगितलंच आहे. दीड मीटर लीडर ताणून ताणून किती ताणणार? हिसक्यावर परिणाम नाही.

जोडगाठ: एफजी गाठ सगळ्यात बारीक, कड्यांतून अलगद जाते, पण होडीत वाऱ्यावर बांधताना शिव्या येतात. सुरुवातीला दुहेरी युनी बांधा. ब्रेडच्या बाजूला आठ वेढे, लीडरच्या बाजूला चार. ब्रेडला चारच वेढे घातलेत तर ती सरकून सुटते. थुंकी लावून ओली करा, मग आवळा.

जाता जाता: हा मासा नर म्हणून सुरू होतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा ही जवळपास नेहमी आईच. इथे ५५ सेंटीमीटरच्या आतला ठेवता येत नाही, आणि फार मोठी मिळाली तर फोटो काढून सोडणारे बरेच आहेत. तुमची तुम्ही ठरवा.

दांडीवरचो_आबा

ह्यो डार्विनवालो शहाणो असा.

खारेपाटवाला

आमच्या तळ्यातला जिताडा दोरीशिवाय येतो, पागाने (फेकजाळ्याने). पण धागा वाचतोय. हातकाट्याचा प्रयोग कोणी केला का हो शेवटी?

भाट्येकर

केला. सविस्तर लिहितो, कारण रविवारपेक्षा त्यातच जास्त मजा आली.

घरामागच्या वाडीत, माडापासून विहिरीपर्यंत. पावलांनी मोजलं, पस्तीस मीटर भरतं. काटा धरायला हिला उभं केलं. आधी म्हणाली, 'मासे मिळत नाहीत म्हणून आता मला गळाला लावताय का?' मग धरला.

पहिला जुना तंगूस, बादलीत तासभर भिजवलेला. मी मारला. ती तशीच उभी. मी ओरडलो, 'किती?' ती म्हणाली, 'कधी मारणार आहात?'

तीनदा मारला. सगळ्यात मोठा आकडा सहाशे ग्रॅम. दोरी लांबताना डोळ्यांनी दिसत होती, माझी रॉड डोक्यावरून मागे गेली तरी मधली दोरी गवतावरून जेमतेम उचललेली.

मग ब्रेड, खाली तंगूसचा थर, पुढे नायलॉनचा लीडर. हिसका नाही, झुआरीकाठ यांनी सांगितलं तसं दोन वेढे आणि ओढ. 'अहो!' ऐकू आलं आणि काटा तिच्या हातातून सुटून आळूत जाऊन पडला. दुसऱ्या खेपेला दोन्ही हातांनी धरला. दोन किलोच्या थोडं खाली, आणि तिथे ड्रॅग बोलला.

मग ती म्हणाली, 'आता मी मारते, तुम्ही धरा.' तिचा सव्वादोन. ड्रॅग तोच होता, मी हात लावला नव्हता. मास्तर, हे समजावून सांगा.

गणित_मास्तर

स्पूल जागचा सुटून फिरायला लागताना जरा जास्त जोर लागतो, एकदा फिरायला लागला की कमी. त्यांनी एका झटक्यात ओढली असणार, तुम्ही हळू. भौतिकशास्त्राचं उत्तर हे. घरगुती उत्तर तुम्हाला माहीत आहे.

भाट्येकर

धागा वर काढतोय. काल अमावस्येचं उधाण, पाणी उतरायला लागल्यावर तासाभराने. तिवराच्या मुळांजवळ, तिसऱ्या की चौथ्या फेकीला. या वेळी 'दोरी जड झाली' असं नाही वाटलं, बोटाला टक् असं कळलं. पंचवीस-तीस मीटरवरून! तंगूसवर हे कधी कळलंच नव्हतं, म्हणजे मी इतके दिवस चाव्यानंतर बऱ्याच वेळाने मारत असणार. दोन वेढे, बाजूला ओढ. एकदा हवेत आला, मी टोक पाण्यात घातलं, अक्षरशः. परत आला, परत घातलं.

जिताडा नव्हता. तांबोशी, दीड किलोची. पुढची गरी वरच्या जबड्यात आरपार, पक्कडीने काढावी लागली. लीडरचा शेवटचा वीतभर भाग पांढरा पडून खरखरीत झाला होता, तो कापून नवी गाठ मारली. @डार्विनची_वारी, तिथे ब्रेड असती तर काय झालं असतं ते बघितलं.

घरी नेली. हिने पिशवी उघडून बघितलं आणि म्हणाली, 'हा तुम्ही धरलाय.'

मी म्हटलं, कशावरून?

'साफ केलेला नाही. ते बांगडे दर वेळी कल्ले काढून यायचे.'

दोन_घास_भात

कालवण केलं की तळली?

भाट्येकर

डोकं कालवणात, बाकी तळली. आता जिताड्यासाठी लीडर ५० पौंडी करू का ४०च ठेवू? ल्यूर १५ ग्रॅमचाच आहे.

डार्विनची_वारी

४०. जाड लीडरने एवढ्याशा ल्यूरची चाल मरते. आणि दर माशानंतर बोट फिरवून बघा, खरखर लागली की काप.